मदत हवी आहे: नक्षीदार पात्यासाठी स्टेनलेसची कोणती जोडी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी १०९५ आणि १५एन२० या दोन पोलादांचे थर जोडून पाती घडवतो. टाकणखार टाकून नीट तापवलं की हे थर घणाखाली एकजीव होतात. अ‍ॅसिडमध्ये १०९५ काळं पडतं, निकेलमुळे १५एन२० चमकत राहतं आणि नक्षी उठून दिसते. पण स्वयंपाकाच्या सुरीला हे पोलाद सोसत नाही. आंबट काही कापून तशीच ठेवली की डाग धरलाच. म्हणून तशीच नक्षी आता स्टेनलेसमध्ये उतरवायची आहे.

तापलेल्या स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तो टाकणखाराला दाद देत नाही. त्यामुळे पट्ट्या लख्ख घासून, चळत रचून, सगळ्या फटी वेल्डिंगने बंद करायच्या, म्हणजे आत हवा शिरत नाही. एवढं मी करू शकेन. अडलंय ते जोडी निवडण्यापाशी.

एक विचार एईबी-एल आणि ३०४ या दोन स्टेनलेस पोलादांचा. एईबी-एलमध्ये कार्बन सुमारे ०.६७ टक्के आणि क्रोमियम १३ टक्के, ते उत्तम कडक होतं. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, कार्बन नावापुरता. फरक छान दिसेल, पण ३०४ कडक होतच नाही. धारेवर त्याचा थर आला तर ती तिथे टिकणार कशी? शिवाय तापल्यावर ३०४ बरंच जास्त प्रसरण पावतं. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं झटकन निववताना, जोड सुटतील का, ही धास्ती आहे.

दुसरा विचार एईबी-एल आणि १५४सीएम या स्टेनलेसचा. दोन्ही कडक होतात. स्वीडनचं डमास्टील हे नक्षीदार स्टेनलेस आरडब्ल्यूएल३४ आणि पीएमसी२७ अशा दोन कडक होणाऱ्या पोलादांच्या भुकटीतून बनतं, म्हणजे वाट चालती आहे. पण नक्षी फिकी पडेल का?

कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:
आधी धार कुठे येणार ते ठरवा, जोडी त्यावरून ठरते. नक्षी धारेपर्यंत हवी असेल तर दुसरी जोडी घ्या. १५४सीएममधलं ४ टक्के मॉलिब्डेनम अ‍ॅसिडला जास्त तग धरतं, त्यामुळे फरक दिसतो, फक्त सौम्य. दोघांची कडक करायची तापमानंही जवळजवळ आहेत, मी १०६५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतो.

पण सुरी पातळ धारेची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मधे एईबी-एलचा अखंड गाभा आणि दोन्ही गालांवर, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंवर, पहिल्या जोडीची नक्षीची चळत. धार पूर्ण गाभ्याची राहते. दोन्ही गाल सारख्याच जाडीचे ठेवा, नाहीतर पाणी देताना पातं हमखास वाकतं. कार्बनचीही एक गोष्ट ध्यानात घ्या. क्रोमियम त्याला ओढून घेतं, म्हणून वारंवार तापवलं तर तो एईबी-एलमधून ३०४ मध्ये सरकतो. तिथे कार्बाइडं तयार होऊन क्रोमियम अडकतं आणि डाग न धरण्याचा गुण कमी होतो. ३०४ च्या पट्ट्या फार पातळ करू नका, तापवण्याच्या फेऱ्या कमी ठेवा. गाभा आणि गालांच्या मधे निकेलचा पातळ पत्रा घातला तर हे सरकणं बरंच मंदावतं.

घडाई १०५० ते ११५० अंशांत करा. रंग उतरला की घण थांबवा. आणि काम अर्धवट सोडून तुकडा उघड्यावर ठेवू नका. एईबी-एल हवेतच कडक होतं, मग तडकतं. बंद भट्टीत सावकाश निवू द्या.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. सुरीच करायची आहे, तेव्हा गाभ्याची पद्धत नक्की. जोड खरंच धरलाय हे पातं घडवण्याआधी कसं तपासू?

प्रतिसाद:
चळतीच्या टोकाची एक पट्टी कापा, पात्यासारखीच कडक करा आणि शेगड्यात धरून मोडा. थरांच्या रेषेवरून पापुद्रे सुटले तर जोड कच्चा. मोड थरांना आडवी छेदून गेली तर बेलाशक पुढचं काम घ्या.