बाहेरचा डेटा वाचणारा नवा कोड अजूनही सीमध्ये सुरू करावा का?

लोहगडकर

एका नव्या उपकरणाचे फर्मवेअर (उपकरणातच बसवलेले सॉफ्टवेअर) कोणत्या भाषेत लिहावे, यावर आमच्या गटात नुकत्याच दोन बैठका झाल्या आणि दोन्ही बैठका 'सीमध्येच लिहू, सगळ्यांना येते' या वाक्यावर संपल्या. हे वाक्य मी स्वतः वीस वर्षे उच्चारत आलो आहे. आता ते पटेनासे झाले आहे. माझे म्हणणे मर्यादित आहे. सी किंवा सी प्लस प्लसमधला चालू कोड खुशाल चालू द्यावा. पण बाहेरून आलेला डेटा वाचणारा नवा कोड या भाषांत सुरू करायचा असेल, तर त्याचे कारण सुरू करणाऱ्याने द्यावे. आज कारण फक्त रस्ट (मेमरीच्या चुका प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच पकडणारी नवी भाषा) सुचवणाऱ्यालाच विचारले जाते.

सी ही भाषा १९७०च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये घडवली. त्या काळच्या यंत्रांची मेमरी पाहता, अ‍ॅरेबरोबर (एकापाठोपाठ ठेवलेल्या मूल्यांच्या रांगेबरोबर) त्याची लांबी वागवायची नाही आणि पॉइंटर (मेमरीतील पत्ता) कुठे जातो याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकायची, हा निर्णय समजण्याजोगा होता. त्याची किंमत मात्र पुढच्या पिढ्यांनी मोजली. १९८८मध्ये इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रोग्रॅमने यंत्रांत शिरण्यासाठी वापरलेली एक वाट म्हणजे 'गेट्स' हे फंक्शन होते, कारण किती अक्षरे वाचायची हे त्याला सांगण्याची सोयच नव्हती. आणि ते फंक्शन सीच्या मानकातून वगळायला २०११ साल उजाडावे लागले. २०१४ साली उघडकीस आलेल्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधील (इंटरनेटवरील संवाद कूटबद्ध करणाऱ्या लायब्ररीमधील) दोषात पलीकडच्याने सांगितलेली लांबी तपासून न पाहिल्यामुळे सर्व्हर आपल्या मेमरीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर मागेल त्याला देत होता. आपल्या उत्पादनांतील सुरक्षाविषयक दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या चुकांमुळे उद्भवतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये सांगितले आणि पुढच्याच वर्षी क्रोमियमच्या (क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या प्रकल्पाच्या) गटाने गंभीर दोषांबाबत जवळपास तोच आकडा दिला.

एक अनुभव सांगतो. एका जुन्या नोकरीत आमची काही उपकरणे ग्राहकांकडून परत येऊ लागली, कारण त्यांची मोजमापे हळूहळू चुकत होती. आठवडाभर आम्ही सेन्सरला दोष दिला. प्रत्यक्षात मॉडेमकडून येणारे उत्तर एका विशिष्ट परिस्थितीत आमच्या १६ बाइटांच्या बफरपेक्षा (तात्पुरत्या साठवणीच्या जागेपेक्षा) लांब येत असे आणि उरलेली अक्षरे शेजारच्या कॅलिब्रेशनच्या आकड्यावर जाऊन पडत. कोड दोघांनी रिव्ह्यू केला होता, त्यांतला एक मीच होतो.

पंतोजी

लोहगडकर यांचा अनुभव प्रामाणिक आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष त्यातून निघत नाही. सोळा बाइटांच्या बफरमध्ये लांबी न तपासता मजकूर ओतणे ही सीची सक्ती नव्हे. मोटार उद्योगासाठी १९९८ पासून मिस्रा सी ही नियमावली अस्तित्वात आहे आणि पुण्याच्या परिसरात वाहनांचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणालाही ती नवी नाही. ती पाळली जात नाही, स्टॅटिक अ‍ॅनालिसिसच्या (कोड न चालवता होणाऱ्या तपासणीच्या) सूचना 'नंतर पाहू' म्हणून दडपल्या जातात, हा व्यवस्थापनाचा दोष आहे आणि कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) बदलून तो जाणार नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे आणि तो सीमध्येच लिहिलेला आहे. त्याच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट आहे. म्हणजे सीमध्ये विश्वासार्ह काम होते; त्यासाठी लागणारे कष्ट आपल्याला नको असतात, इतकेच.

दुसरी बाजू पाहू. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे युरोपचे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्याचे दिशादर्शनाचे सॉफ्टवेअर अ‍ॅडा या भाषेत होते, जी सुरक्षिततेसाठीच नावाजलेली आहे. एरियन ४साठी लिहिलेला कोड तसाच उचलला गेला, नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त असल्याने ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावेना, भाषेने इमानेइतबारे अपवाद (चूक झाल्याचा इशारा) उभा केला आणि तो हाताळलेला नसल्यामुळे संगणक बंद पडला. ही गोष्ट जुनी वाटत असेल, तर १८ नोव्हेंबर २०२५चे उदाहरण घ्या. असंख्य संकेतस्थळांची रहदारी सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीची सेवा कोलमडली आणि अर्धे इंटरनेट ठप्प झाल्यासारखे वाटले. त्यांच्या रस्टमधील कोडने २०० नोंदींची मर्यादा गृहीत धरली होती, फाइल त्यापेक्षा मोठी आली, चूक हाताळण्याऐवजी 'अनरॅप' ('चूक होणारच नाही' असे धरून चालणारी आज्ञा) लिहून ठेवलेले होते आणि प्रोग्रॅम कोसळला. गृहीतक चुकले की कोणतीही भाषा वाचवत नाही.

इंद्रायणी

पंतोजी, तुमची दोन्ही उदाहरणे मला मान्य आहेत. फक्त ती तुमच्याच विरुद्ध जातात, असे मला वाटते. क्लाउडफ्लेअरचा प्रोग्रॅम थांबला, कुठे थांबला ते कळले आणि त्याच दिवशी सेवा पूर्ववत झाली. लोहगडकर यांचे उपकरण थांबले नाही, ते चुकीचे आकडे देत राहिले आणि आठवडाभर सेन्सरच्या नावाने बोटे मोडली गेली. थांबणे वाईटच, पण थांबणे आणि गुपचूप दुसऱ्याच्या मेमरीत लिहिणे हे एकाच मापाने मोजता येणार नाही. हार्टब्लीडमध्ये तर काहीच कोसळले नाही, म्हणूनच तो दोष दोन वर्षे कुणाच्या लक्षात आला नाही.

रस्टची मूळ कल्पना परकी वाटावी अशी नाही. प्रत्येक वस्तूला मालक एकच. ती उसनी देता येते: नुसती पाहायला कितीही जणांना, पण बदल करायला एका वेळी एकालाच, आणि मालक गेला की उसनवारी संपलेली असली पाहिजे. हा हिशेब प्रोग्रॅम चालण्यापूर्वी कंपायलर तपासतो, त्यामुळे जावाप्रमाणे गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली मेमरी गोळा करणारा भाग) मागे ठेवावा लागत नाही आणि लहान मायक्रोकंट्रोलरवरही ही भाषा चालू शकते. पंतोजी ज्याला शिस्त म्हणतात तीच ही शिस्त आहे. फरक एवढाच, की शुक्रवारी संध्याकाळी रिलीजच्या गडबडीतही ती सुटत नाही.

आता अँड्रॉइडचे उदाहरण. गुगलने तिथे जुना कोड नव्याने लिहायला घेतला नाही, फक्त नवा कोड अधिकाधिक प्रमाणात सुरक्षित भाषांत लिहिला. २०१९मध्ये अँड्रॉइडच्या सुरक्षा दोषांपैकी ७६ टक्के मेमरीचे होते. २०२४मध्ये ते प्रमाण २४ टक्क्यांवर आले. यामागचे कारण मला सर्वांत उद्बोधक वाटते. दोष मुख्यतः नव्या आणि नुकत्याच बदललेल्या कोडमध्ये असतात. जुना कोड वापरात झिजून झिजून गुळगुळीत होतो. त्यामुळे लाखो जुन्या ओळींना हात न लावता, केवळ नळ बदलला तरी टाकीतले पाणी काही वर्षांत निवळते. मिस्रा आणि रिव्ह्यू यांच्या बळावर एवढी घट झाल्याचे उदाहरण कुणाकडे असेल, तर मला ते खरोखर वाचायला आवडेल.

बिनतारी

गुगलकडे जे आहे ते आमच्याकडे नाही, हे या चर्चेत कुणीतरी म्हणायला हवे. आम्ही वीस जणांची कंपनी आहोत. मागच्या वर्षी आम्ही एक प्रकल्प रस्टमध्ये करून पाहिला. चिप विकणाऱ्याने दिलेली सगळी लायब्ररी सीमध्ये, ब्लूटूथचा स्टॅक बंदिस्त बायनरी स्वरूपात, आणि त्यांचा मदतकक्ष 'आमच्या टूलचेनमध्ये (कोड बांधण्याच्या साधनांत) हाच दोष दाखवा' म्हणून हात वर करणारा. शेवटी आमच्या कोडमधील हार्डवेअरला भिडणारा जवळपास प्रत्येक भाग 'अनसेफ'च्या कंसात गेला. त्या कंसाच्या आत कंपायलरने दिलेली हमी तुम्हीच सांभाळायची असते, म्हणजे फिरून सीच झाले. प्रकल्प पूर्ण झाला, पण दोन महिने उशिरा.

माणसांचा प्रश्न वेगळाच. आपल्याकडच्या कित्येक अभियांत्रिकी महाविद्यालयांत अगदी अलीकडेपर्यंत टर्बो सीच्या निळ्या खिडकीत प्रॅक्टिकल होत असत. तो डॉसच्या जमान्यातला कंपायलर आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाला पॉइंटर म्हणजे काय हे नीट समजावण्यातच आमचे पहिले सहा महिने जातात. त्याला बॉरो चेकर (कंपायलरमधला उसनवारीचा हिशेब तपासणारा भाग) शिकवायचा आणि तो शिकला, की मोठी कंपनी त्याला दुप्पट पगारावर उचलून नेणार. अँड्रॉइडच्या आलेखात हा खर्च दिसत नाही.

इंद्रायणी

'फिरून सीच झाले' हे तेवढे खरे नाही. अनसेफ ब्लॉकमध्येही बॉरो चेकर चालूच असतो, फक्त कच्चे पॉइंटर वापरण्यासारख्या मोजक्या गोष्टींची मुभा मिळते, आणि दोष शोधताना आधी कुठे पाहायचे ते ठरलेले असते. चिप विकणाऱ्यांबद्दलची तक्रार मात्र शंभर टक्के रास्त आहे. तिथे भाषा कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

घाटमाथा

मी कोणत्याच बाजूचा नाही, पण लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात) हाच वाद गेली काही वर्षे अधिक मोठ्या प्रमाणावर चालू आहे आणि त्याकडे इथे दुर्लक्ष होऊ नये. डिसेंबर २०२२च्या ६.१ या आवृत्तीत रस्टचा आधार प्रथम आला, तोही प्रयोग म्हणून. पुढची भांडणे बॉरो चेकरवरून फारशी झालीच नाहीत. ती झाली मालकीवरून, आणि ही मालकी माणसांची! सीमधला इंटरफेस बदलला आणि त्यामुळे रस्टमधला कोड मोडला, तर तो कुणी दुरुस्त करायचा, हा खरा प्रश्न होता. २०२४मध्ये रस्ट फॉर लिनक्सच्या प्रमुख विकासकांपैकी वेडसन आल्मेदा फिल्यो यांनी या तंत्रबाह्य वादांना कंटाळून काम सोडले. २०२५च्या आरंभी डीएमएच्या (उपकरणांनी मेमरी थेट वापरण्याच्या सोयीच्या) एका छोट्या रस्ट आवरणावरून तो भाग सांभाळणाऱ्या क्रिस्टोफ हेलविग यांनी एकाच कोडमध्ये दोन भाषा नांदवण्यालाच कडवा विरोध केला. हेलविग यांचा सूर मला आवडला नाही. पण वीस वर्षे एखादा भाग सांभाळणाऱ्याला 'तुझ्या दारात आता दुसऱ्या भाषेचा भाडेकरू राहील, तुला त्रास होणार नाही' असे सांगितले, तर त्याचा विश्वास बसत नाही, हे मी समजू शकतो. भाडेकरूंचा अनुभव आपल्याला आहेच. शेवटी डिसेंबर २०२५मध्ये देखभाल करणाऱ्यांच्या बैठकीत 'प्रयोग' हा शिक्का काढून टाकण्यात आला. त्याच महिन्यात कर्नलमधील रस्ट कोडला पहिला सीव्हीई क्रमांकही (जाहीर झालेल्या सुरक्षा दोषाला दिला जाणारा क्रमांक) मिळाला, तो अँड्रॉइडमध्ये प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणाऱ्या बाइंडर ड्रायव्हरमधल्या एका अनसेफ भागातील दोषासाठी.

पंतोजी

घाटमाथा यांनी माझ्या मनातले सांगितले. इंद्रायणी यांचा थांबणे आणि गुपचूप बिघडणे यांतील भेदही मी मान्य करतो. अर्थात तो सर्वत्र लागू होत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने अ‍ॅरेच्या बाहेर वाचले आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आले होते. तो ड्रायव्हर सी प्लस प्लसमध्ये होता, म्हणून तो तुमच्या बाजूचा पुरावा समजला जातो. पण कर्नलमध्ये रस्टने तिथे पॅनिक केले असते (चूक दिसताच काम थांबवले असते), तरी यंत्र बंदच पडले असते. २० मूल्ये येत असताना साच्यात २१ धरली गेली आणि ती फाइल सगळीकडे एकाच वेळी पाठवली गेली, हे मूळ दुखणे होते. टप्प्याटप्प्याने पाठवली असती, तर भाषा कोणती होती हे कुणी विचारलेही नसते.

नव्याने लिहिण्याचा मोह हा माझा मोठा आक्षेप. ऑक्टोबर २०२५च्या उबुंटूमध्ये जुन्या मूलभूत आज्ञांच्या जागी रस्टमधील नव्या आज्ञा आल्या. त्यांतल्या 'डेट' या आज्ञेत फाइलची वेळ सांगणारा पर्याय नीट अमलात आलेला नव्हता. आज्ञा निमूटपणे आताचीच वेळ सांगत असे, आणि त्यामुळे अद्ययावत सॉफ्टवेअरची आपोआप होणारी तपासणी काही यंत्रांवर थांबली. मेमरीचा एकही नियम मोडला नव्हता आणि, इंद्रायणी यांनी लक्षात घ्यावे, दोष गुपचूपच होता.

इंद्रायणी

लक्षात घेतले. म्हणूनच मी अँड्रॉइडचे उदाहरण दिले, उबुंटूचे नाही.

लोहगडकर

चर्चा 'सगळे बदला' विरुद्ध 'काहीच बदलू नका' अशी होऊ नये, म्हणून पुन्हा माझ्या उपकरणावर येतो. बिनतारी यांच्या अनुभवानंतर संपूर्ण फर्मवेअर रस्टमध्ये लिहिण्याचा आग्रह मी सोडला आहे. पण मॉडेमचे उत्तर वाचणारा भाग जेमतेम चारशे ओळींचा आहे. तो हार्डवेअरला थेट स्पर्श करत नाही. बाइट घेतो आणि अर्थ लावून परत देतो. तेवढा भाग रस्टमध्ये लिहून सीला हाक मारण्याजोगे एक फंक्शन बाहेर ठेवायचे, बाकी सगळे आहे तसे, यात धोका कोणता?

पंतोजी

एकच. ते फंक्शन सीकडून पॉइंटर आणि लांबी घेईल, आणि ती लांबी खरी आहे की नाही हे रस्टला कळणार नाही. सीमेवर तुमचा जुना बग तसाच उभा राहील. तेवढी जागा मिस्राप्रमाणे तपासा, दोन्ही बाजूंनी फझिंग (मुद्दाम वेडावाकडा डेटा देऊन चाचणी) करा, आणि तुम्ही रजेवर असताना बिल्ड मोडला तर कोण पाहणार त्याचे नाव आधीच लिहून ठेवा. मग माझा विरोध नाही.

बिनतारी

आणि बायनरीचा आकार आधी मोजा. आमच्याकडे फक्त पॅनिकचे संदेश तयार करणाऱ्या कोडने फ्लॅशमधली (कोड साठवण्याच्या मेमरीतली) इतकी जागा खाल्ली होती, की शेवटी ते सगळे काढून पॅनिक झाल्यास सरळ रीसेट करावे लागले. तुमच्या चिपला फ्लॅश किती आहे?

लोहगडकर

१२८ किलोबाइट, त्यांतले ९० वापरात आहेत. आधी नुसता रिकामा सांगाडा जोडून मोजतो आणि आकडा इथेच लिहितो.