चालू केल्याबरोबर प्रोसेसर ९५ डिग्री, मग आपोआप बंद. प्रोसेसर गेला का?

झेरॉक्सवाला_अकोला:
राजेहो, जरा मदत पाहिजे. दुकानातला डेस्कटॉप आहे, प्रोसेसर इंटेलचा आय५ ३४७०, एच६१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, फॅन इंटेलचाच, प्रोसेसरसोबत आलेला. बाजूला पिठाची गिरणी आहे, त्यामुळे आत पांढरा थर बसला होता म्हणून एका रिपेअरवाल्याकडून साफ करून घेतला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट पण नवी लावली म्हणाला. दुकानात आणून जोडला तर काळ्या स्क्रीनवर सीपीयू ओव्हर टेम्परेचर एरर, एफ१ दाबा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीचा सेटिंगचा स्क्रीन) गेलो तर ७० दाखवत होतं, बघता बघता ९५ आणि धपकन बंद. लगेच परत चालू केला तर विंडोजपर्यंत पण जात नाही, थोडा वेळ थांबून लावला की परत तेच. फॅन मस्त फिरतोय, आवाज पण येतो. रिपेअरवाला म्हणतो प्रोसेसरच गेलाय, नवीन सेट घ्या. ॲडमिशनचा सीझन तोंडावर आलाय, आता कुठून आणू नवीन सेट?

पिंट्या_ऑनलाइन:
एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलून बघ भाऊ, नाहीतर फॉरमॅट मार एकदा. आणि अकोल्याचं ऊन, बिचारं मशीन तरी काय करणार 😅

सोल्डरकाका:
फॉरमॅट कशाला रे? बायोसमध्ये असताना विंडोज सुरूच झालेली नसते, हार्डडिस्क काढून ठेवली तरी हे असंच तापणार. एसएमपीएसचा पण संबंध दिसत नाही. उन्हाचं म्हणशील तर खोलीत ३० ऐवजी ४० असेल तर प्रोसेसर पण साधारण तेवढाच, म्हणजे दहाएक डिग्री जास्त दाखवेल, मिनिटभरात ९५ वर नाही जाणार.

झेरॉक्सवाले, प्रोसेसर गेला हे मला पटत नाही. गेलेला प्रोसेसर सहसा चालूच होत नाही, तुमचा तर चालू होऊन, तापून, जळू नये म्हणून स्वतः बंद पडतोय, म्हणजे शहाणा आहे. हा ७७ वॉटचा प्रोसेसर, बायोसमध्ये तो तेवढी वीज खात पण नाही, तिथे ४५-५५ दिसलं तर ठीक. (बायोसमध्ये विंडोजच्या रिकाम्या स्क्रीनपेक्षा थोडं जास्तच दिसतं, त्याला घाबरायचं नाही.)

आता बघायचं ते हे, की तापमान चढतं कसं. धूळ अडकली असेल किंवा कॅबिनेटमध्ये हवा खेळत नसेल तर ते हळूहळू चढतं, काम चालू असताना, पाऊण तासाने वगैरे. चालू केल्याबरोबर सुसाट चढत असेल तर प्रोसेसरची उष्णता वरच्या हीटसिंकपर्यंत (फॅनखालचा पात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा) पोचतच नाहीये. मग फॅन कितीही जोरात फिरू दे, तो थंड ॲल्युमिनियमवर वारा घालत बसलाय. एक साधी टेस्ट करा, बंद पडल्या पडल्या मागची वायर काढा आणि हीटसिंकच्या पात्यांना बोट लावा. चांगलीच गरम लागली तर हवेचा प्रॉब्लेम, थंड लागली तर कूलर (म्हणजे हीटसिंक आणि फॅन मिळून) नीट बसलेला नाही. माझा अंदाज दुसरा आहे, कारण हे सगळं साफसफाईनंतर सुरू झालंय.

मीनल_हार्डवेअर:
काकांना +१. त्या इंटेलच्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या पिना म्हणजे वैताग आहे नुसता. वरून दाबल्या की बसल्यासारख्या वाटतात पण एखादी अर्धवटच राहते आणि कूलर एका बाजूने उचललेला राहतो, वरून बघून अजिबात कळत नाही. बोर्डाच्या मागून बघा, चारही भोकांतून प्लास्टिकचे पाय बाहेर येऊन मधली काळी दांडी दिसली पाहिजे. काही कॅबिनेटना तिथे मागून खिडकी असते, नसेल तर बोर्ड काढावाच लागेल.

काढलाच कूलर तर जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, नवी मध्यभागी मुगाच्या दोन-तीन दाण्यांएवढी बास, थापायची नाही. पिनेच्या डोक्यावर बाण असतो, त्या दिशेला फिरवली की पीन सुटते, म्हणून बसवताना आधी उलट दिशेला पूर्ण फिरवून ठेवा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन आधी दाबा, नंतर उरलेल्या दोन, प्रत्येकीचा टक् आवाज यायला हवा. आणि फॅनची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच आहे ना तेही बघून घ्या, पण ती चुकली असती तर बहुतेक फॅनचाच एरर आला असता.

एएमडीवाले कोणी वाचत असतील तर एएम४ सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) कूलर सरळ वर ओढू नका, आधी मशीन थोडं चालवून गरम करा आणि बंद करून कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा, नाहीतर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

झेरॉक्सवाला_अकोला:
काका, पाती थंडगार! बोर्ड काढून बघितला तर तीन कोपऱ्यांत काळी दांडी दिसते, चौथ्यात पिनेचा पाय दुमडून भोकाच्या वरच अडकलेला. कूलर काढला तर पेस्टचा ठसा पण एकाच बाजूला उमटलेला, बाकी पेस्ट जशीच्या तशी. पण तो पाय सरळ करायला गेलो तर तुटला. नुसत्या पिना मिळतात का की अख्खा कूलर घ्यावा लागेल?

सोल्डरकाका:
नुसत्या पिना मिळतात, पण त्यापेक्षा जुना मूळ कूलर मिळतोय का बघा. ११५५, ११५६, ११५०, ११५१ आणि १२०० या सगळ्या सॉकेटची भोकं एकाच अंतरावर असतात, दहाव्या पिढीच्या आय३ चा पण चालेल. ७७५ चा घेऊ नका, त्याची भोकं जवळ असतात, आणि १७०० ची लांब.

झेरॉक्सवाला_अकोला:
मिळाला! एका पोराकडे आय३ चा पडून होता. बसवला, चारही टक् ऐकून घेतले 😀 आता बायोसमध्ये ४८, विंडोजमध्ये रिकामा असताना ४१. रिपेअरवाल्याला फोटो पाठवलाय, उत्तर नाही अजून. काका, गिरणीच्या पिठाचं काय करू? ब्लोअर मारत राहिलं तर चालेल ना?

सोल्डरकाका:
चालेल, पण मशीन बंद करून, वायर काढून आणि दुकानाबाहेर नेऊन मारा, आणि मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ब्लोअरने भन्नाट फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते. कॅबिनेट जमिनीवर असेल तर टेबलावर घ्या, पीठ खालीच जास्त बसतं.