वस्तीची सुरक्षितता : आधी दिवे आणि वर्दळ, की आधी पोलीस आणि कॅमेरे?

पर्वतीवासी (चर्चाप्रस्ताव)

रात्री रस्त्यावर काही वाईट घडले की आपण पोलिसांची गस्त वाढवण्याची आणि सीसीटीव्ही बसवण्याची मागणी करतो. मागणी रास्तच आहे. पण त्या रस्त्याचा दिवा, पदपथ, बसथांबा आणि स्वच्छतागृह ज्या महापालिकेच्या हातात आहे, तिला आपण जाब विचारत नाही. माझे म्हणणे असे की पुण्यासारख्या शहरात वस्ती सुरक्षित राहणे हे पोलिसांइतकेच महापालिकेचे काम आहे आणि अंदाजपत्रकात त्यासाठी पैसा ठेवायचा झाल्यास पहिला हक्क कॅमेऱ्याचा नसून दिव्याचा आणि रस्त्यावरच्या वर्दळीचा आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार सार्वजनिक रस्त्यांवरील दिवाबत्ती हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. म्हणजे पैसा उरला तर करायचे, असे हे काम नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतही पथदिवे, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक सोयी हे विषय नागरी संस्थांच्या वाट्याला दिलेले आहेत.

माझ्या घरचा अनुभव सांगतो. बसथांब्यापासून आमच्या सोसायटीपर्यंत पायी पाच मिनिटांची गल्ली आहे. तिच्या मधल्या टप्प्यातले तीन दिवे सलग दोन महिने बंद होते, आणि त्याच सुमारास अतिक्रमण कारवाईत कोपऱ्यावरची भाजीवाली आणि इस्त्रीवाल्याची टपरी हटवली गेली. शिकवणी संपवून साडेनऊला परतणारी माझी मुलगी तेव्हापासून तेवढ्याशा अंतरासाठी रिक्षा करू लागली. गल्लीत गुन्हा एकही घडलेला नव्हता, त्यामुळे पोलिसांच्या कोणत्याही नोंदीत आमची गल्ली असुरक्षित ठरत नाही. माझ्या मुलीपुरती मात्र ती बंद झाली होती, आणि ती बंद करणारे दोन्ही निर्णय महापालिकेच्या कार्यालयात झाले होते.

दिव्यांचा परिणाम मोजलाही गेला आहे. न्यूयॉर्क शहराने 2016 मध्ये सार्वजनिक गृहवसाहतींपैकी काहींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून तेथे प्रखर दिवे लावले, आणि त्या वसाहतींत रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. याउलट कॅमेऱ्यांवरील चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा जो आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कॅमेऱ्यांचा उपयोग प्रामुख्याने वाहनतळांवरच्या चोऱ्या रोखण्यात दिसला; हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम दिसला नाही.

स्पष्टोक्त

आपल्या मुलीबद्दलची काळजी मी समजू शकतो, तरीही निष्कर्ष मला मान्य नाही. पोलीस हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीमध्ये आहे. पुण्याच्या महापालिका आयुक्तांना एकाही पोलीस ठाण्यावर अधिकार नाही, आणि पोलीस आयुक्तांना महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत उत्तर द्यावे लागत नाही. अशा रचनेत सुरक्षिततेची जबाबदारी दोघांची आहे असे म्हणणे म्हणजे दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखवण्याची मुभा देणे होय. उद्या छेडछाडीची तक्रार घेऊन गेलेल्या मुलीला पोलीस ठाण्यात सांगण्यात येईल की तेथे दिवा नव्हता, आधी महापालिकेला विचारा.

कॅमेऱ्यांबद्दलचे आपले विवेचनही अपुरे आहे. 13 फेब्रुवारी 2010 रोजी जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटात 17 जणांचा बळी गेला आणि 1 ऑगस्ट 2012 रोजी जंगली महाराज रस्त्यावर पुन्हा स्फोट झाले. त्यानंतरच्या काळात राज्य सरकारने पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी मिळून बाराशेहून अधिक कॅमेऱ्यांचे जाळे उभारले. ते गुन्हा टाळण्यासाठी जेवढे होते, तेवढेच घडलेल्या गुन्ह्याचा माग काढण्यासाठीही होते. सोनसाखळी चोरणारा दुचाकीवरून कोणत्या चौकातून कोणत्या चौकात गेला, हे दिवा सांगू शकत नाही. गुन्हेगार पकडला जाणे ही देखील सुरक्षितताच आहे, कारण पकडलेला माणूस पुढच्या गल्लीत जात नाही.

टपऱ्यांच्या बाबतीत तर आपण नाण्याची एकच बाजू पाहिली आहे. माझी आई 74 वर्षांची आहे. आमच्या भागातील पदपथ विक्रेत्यांनी व्यापलेला असल्यामुळे तिला भर वाहतुकीतून, रस्त्याच्या कडेने चालावे लागते आणि मागच्या वर्षी दुचाकीचा धक्का लागून तिच्या मनगटाचे हाड मोडले. तिच्या सुरक्षिततेचा हिशेब आपण कोणत्या रकान्यात मांडणार?

जुना अभियंता

एका महापालिकेच्या विद्युत विभागात मी बरीच वर्षे काम केले आहे. म्हणून दिव्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण वरील दोघांनीही दिवा म्हणजे एकदा खांब उभारला की झाले, असे गृहीत धरलेले दिसते.

सलग तीन-चार दिवे बंद पडतात तेव्हा बहुधा दिवे बिघडलेले नसतात, जमिनीखालची केबल तुटलेली असते. जलवाहिनी, मलवाहिनी किंवा इंटरनेटच्या तारांसाठी रस्ता खोदला जातो, खोदाई दुसऱ्याच खात्याच्या किंवा कंपनीच्या कंत्राटदाराची असते, आणि केबल तुटल्याचे तो कळवत नाही. रात्री दिवे लागले नाहीत की तक्रार येते. मग दोष शोधायचा, पुन्हा खोदायचे, त्यासाठी पथ विभागाची परवानगी मिळवायची आणि खर्च कोणाच्या माथी मारायचा हे ठरवायचे, यात आठवडे जातात. दिव्याच्या देखभालीचा कंत्राटदार म्हणतो की केबल माझ्या कराराच्या बाहेर आहे. प्रस्तावकाच्या गल्लीत बहुधा हेच घडले असावे.

दुसरा प्रकार चालू दिव्यांखालच्या अंधाराचा. खांब दुभाजकावर असतील तर उजेड वाहनांना मिळतो, पदपथाला नाही. कडेच्या खांबांवर झाडांच्या फांद्या येतात, आणि त्या छाटण्याचा अधिकार विद्युत विभागाला नसून उद्यान विभागाला आहे. सोडियमचे जुने पिवळे दिवे काढून एलईडी बसवताना अनेक ठिकाणी खांब होते तेथेच ठेवले गेले. जुन्या दिव्याचा उजेड पसरट होता, नव्याचा बराचसा नेमक्या जागी पडतो, त्यामुळे वीज वाचली तरी दोन खांबांच्या मध्ये काळे पट्टे राहिले. कागदावर हे सगळे दिवे चालू असतात.

तेव्हा माझे मत दोघांहून वेगळे आहे. नव्या दिव्यांसाठी वाढीव तरतूद मागू नका, कारण नवे खांब उद्घाटनाला सोयीचे असतात आणि देखभालीकडे कोणाचे लक्ष नसते. खोदाईची परवानगी देतानाच केबलची जबाबदारी लेखी ठरवावी आणि रात्री पदपथावर उभे राहून उजेड मोजावा, अशी मागणी करावी.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि रात्री अकरानंतर घरी परतते. मला दिवा हवा, पोलीसही हवेत, पण सर्वांत आधी वेळेवर येणारी बस आणि कुलूप नसलेले स्वच्छतागृह हवे. थांब्यावर चाळीस मिनिटे एकटीने उभे राहावे लागत असेल तर कितीही लख्ख उजेड असला तरी मला सुरक्षित वाटत नाही. उलट आपण दुरूनही सगळ्यांना दिसत आहोत, याचीच भीती वाटते. महापालिका ज्या बससेवेचा खर्च उचलते तिच्या रात्रीच्या फेऱ्या हा सुरक्षिततेचा खर्च का मानला जात नाही?

भिवंडीकर

येथील चर्चा वस्तूंभोवती फिरते आहे, माणसांभोवती नाही, म्हणून आमच्या गावाचे उदाहरण देतो. भिवंडीत 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगली झाल्या. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग सुरू केला. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे, म्हणजे यंत्रमाग कामगार, दुकानदार, हमाल, पोलिसांसह नियमित एकत्र बसू लागली. नळाचे भांडण, गटाराचे भांडण, पोरांची मारामारी असे विषय तेथे निघत आणि बहुतेक तेथेच मिटत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या वेळी आमच्याकडे रस्त्यावर कॅमेरे नव्हते आणि दिव्यांची स्थिती तर सांगण्यासारखी नव्हतीच.

हे काम पोलिसांनी केले, महापालिकेने नव्हे, हे स्पष्टोक्त यांच्या बाजूने जाते हे मी मान्य करतो. पण बैठकांत निघणारे निम्मे प्रश्न पाण्याचे आणि गटाराचेच असत, ही गोष्ट प्रस्तावकाच्या बाजूची आहे.

पर्वतीवासी

जुना अभियंता यांनी माझा मुद्दा दुरुस्त केला आहे. मी तरतुदीबद्दल बोलत होतो, प्रश्न देखभालीचा आहे. केबलची शक्यता मला सुचलीच नव्हती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या आधी खोदाई झाली होती, हे आता आठवते.

स्पष्टोक्त यांच्या आईंना झालेली इजा वाचून वाईट वाटले. विक्रेत्यांनी पदपथ अडवावा असे माझे म्हणणे नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतात, 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात आणि पोलिसांचे प्रतिनिधीही तेथे बसतात. पोलीस आणि पालिका एकमेकांना उत्तर देत नाहीत ही आपली तक्रार असेल, तर दोघांना एका मेजावर आणणारी ही जागा कायद्यानेच दिलेली आहे. कोणत्या कोपऱ्यावर रात्री दहापर्यंत दोन टपऱ्या असाव्यात आणि कोणता पदपथ पूर्ण मोकळा असावा, हे तेथे ठरवता येईल. आज या समितीकडे आपण केवळ अतिक्रमणाच्या चष्म्यातून पाहतो.

पुण्यात 2006-07 पासून नागरिकांच्या सूचनांसाठी सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत आहे. या वेळी आमच्या सोसायटीतर्फे मी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देणार आहे, आणि त्यासोबत कनिष्ठ अभियंता व पोलीस चौकीचे अधिकारी यांनी एकत्र रात्रीची एक फेरी मारावी अशी विनंती करणार आहे.

स्पष्टोक्त

फेरीला माझा पाठिंबा आहे, मीही येईन. परंतु माझी अट अशी की फेरीनंतरच्या टिपणात प्रत्येक त्रुटीसमोर एकाच अधिकाऱ्याचे पदनाम आणि एक तारीख असावी. ‘संयुक्त कार्यवाही’ असा शेरा आला तर मी त्या टिपणावर सही करणार नाही. आणि पदपथाबाबत माझे मत बदललेले नाही. टपरी कितीही उपयोगाची असली तरी आधी माझ्या आईला चालण्याइतकी जागा आखून द्या, मग उरलेल्या जागेत टपरीचा विचार करा.