डेंटिस्ट व्हायचंय म्हणून बायोलॉजीच घ्यायची का?

हडसनकाठ:
माझी पुतणी न्यू जर्सीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेंटिस्ट व्हायचं हे तिचं पक्कं. वर्षअखेर मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, जाहीर करायचा आहे. तिला इकॉनॉमिक्स करायचंय आणि दादा-वहिनी बायोलॉजीवर अडून बसलेत. माझं मत, तिला इकॉनॉमिक्स करू द्यावं. इथे डेंटल स्कूल साधारण डिग्रीनंतर असतं, आणि त्यांना मेजर अमुकच हवा अशी अट नसते. अट असते ती विषयांची: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक, फिजिक्स, बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्री. आपल्याकडे बारावीला पीसीबी घेतलं, नीट दिली की पोरं थेट बीडीएसला बसतात. त्यामुळे हा पेच आपल्या पिढीपुढे आलाच नाही, आणि आपण इथेही तोच हिशोब लावतो.

गोदातीर:
ताई, अट नसते हे खरं. पण तुम्ही सांगितलेले विषय बायोलॉजीच्या डिग्रीत बहुतेक आपोआप बसतात. इकॉनॉमिक्सवालीला ते सगळे डिग्रीच्या वर घ्यावे लागणार, लॅबसकट. शिवाय कित्येक डेंटल स्कूलना अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी केलेलीही हवी असते. हे वर्ग बायोलॉजी विभागाचे, आणि बऱ्याच कॉलेजांत नोंदणीत आधी त्यांचीच मुलं घेतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला सायकॉलॉजी मेजर असल्याने फिजिऑलॉजीत जागाच मिळेना. शेवटी उन्हाळ्यात वेगळी फी भरून केली. दादा-वहिनींचं काही चुकत नाही.

हडसनकाठ:
जागेची अडचण मान्य. पण ग्रेडचं काय? अर्ज ज्या सामायिक पोर्टलवरून जातो तिथे सायन्सचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा काढतात, आणि एखादा विषय पुन्हा दिला तरी आधीची ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरतात. मन नसताना जेनेटिक्स, इकॉलॉजी, सेल बायोलॉजी असे वरचे कोर्स एकामागून एक घेतले आणि ग्रेड घसरल्या, तर ते कायम अर्जात दिसणार. त्यापेक्षा हवे तेवढेच सायन्स जीव लावून करावं.

शुभदा_दंतवैद्य:
मी बीडीएस महाराष्ट्रात केलं, मग इथला परदेशी डेंटिस्टांसाठीचा कोर्स करून प्रॅक्टिस करते. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात.

आधी हाताचं बोलू, कारण आईबाप ते विसरतात. पहिल्या वर्षी आम्हाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावायचे. वरच्या पहिल्या दाढेला चार मुख्य उंचवटे, आणि त्यातल्या दोघांना जोडणारी तिरकी कड. ती कड जरा सपाट झाली की मॅडम ठोकळा परत करायच्या. इथल्या डॅट या डेंटल स्कूलच्या प्रवेश परीक्षेतही नजरेची कसोटी असते, 60 मिनिटांत 90 प्रश्न. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील? दोन-तीन अंशांचाच फरक असलेले चार कोन चढत्या क्रमाने लावा. हे बायोलॉजी शिकवत नाही, इकॉनॉमिक्सही नाही.

आता मेजर. सायन्स घ्यावं असं माझं ठाम मत आहे. डेंटल स्कूलच्या पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री एकदम अंगावर येतात. पण सायन्स म्हणजे बायोलॉजीच का? दातात भरायचं कंपोझिट निळ्या प्रकाशाने घट्ट होतं, आणि घट्ट होताना आकसतं. नीट थर देऊन भरलं नाही तर कडेला फट पडते, तिथे पुन्हा कीड लागते. रोज माझ्या हाताखाली जे चालतं त्यातलं निम्मं रसायनशास्त्र आहे. केमिस्ट्री किंवा मटेरियल सायन्स का नको?

मुळामुठा:
कर्जाचं कुणीच बोलत नाही. कर्ज काढून डेंटल स्कूल केलेल्यांच्या डोक्यावर बाहेर पडताना सरासरी 3 लाख डॉलरच्या आसपास बोजा असतो. वर क्लिनिक घ्यायचं तर आणखी. व्याज, इन्शुरन्सचे दर, माणसांचे पगार यातलं ज्याला कळतं तोच तरतो. इकॉनॉमिक्सला माझं मत.

गोदातीर:
हिशोब नंतरही शिकता येतो, अकाउंटंट ठेवता येतो. डॅट मात्र स्वतःच द्यावी लागते. सायन्सचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, त्यातले 40 बायोलॉजीचे, पेशीपासून इकॉलॉजीपर्यंत. एका वर्षाच्या प्राथमिक बायोलॉजीवर ते भागवणं अवघड. आणि मध्ये वर्ष न घालवता जायचं तर तिसरं वर्ष संपता संपता, जूनमध्ये अर्ज जायला हवा. त्याआधी ऑर्गॅनिकची दोन्ही सेमिस्टर संपलेली हवीत. ताई, तिची जनरल केमिस्ट्री झाली आहे का? नसेल तर मेजरचा वाद सध्या बाजूला ठेवा.

हडसनकाठ:
झाली आहे, दोन्ही सेमिस्टरना ए. आता ऑर्गॅनिकचा पहिला भाग चालू आहे, दुसरा जानेवारीपासून. सायन्स ती टाळत नाहीये, म्हणून तर मी तिच्या बाजूने बोलते. तिसऱ्या वर्षी बायोकेमिस्ट्री आणि फिजिक्स धरूनही इकॉनॉमिक्सचे कोर्स बसतात, तिने तक्ता करून दाखवलाय. शुभदाताई, कंपोझिटचा मुद्दा तिला नक्की सांगते, तिला तो भावेल. मत मात्र तेच.

गोदातीर:
तक्त्यात अ‍ॅनाटॉमी आणि मायक्रोबायोलॉजी कुठे आहे? बाहेरच्या मेजरच्या मुलांना त्या वर्गांची नोंदणी कधी उघडते ते तिला सल्लागाराकडून आताच काढून घ्यायला सांगा. त्या दोन जागा मिळत असतील तर मी दादा-वहिनींची बाजू सोडतो.