म्हातारा कार्डिनल हरला कुठे?

आडवाट:
दस्तयेव्हस्कीच्या ‘करामाझोव बंधू’ या कादंबरीतलं इन्क्विझिटरचं (पाखंड्यांना शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायाधीशाचं) प्रकरण काल तिसऱ्यांदा वाचलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: सोळाव्या शतकातलं स्पेनमधलं सेव्हिल, आदल्याच दिवशी शंभरेक पाखंडी जाळलेत. ख्रिस्त गुपचूप परत येतो, शवपेटीतल्या सात वर्षांच्या पोरीला उठवतो. तो इन्क्विझिटर, नव्वदीचा कार्डिनल (कॅथलिक चर्चचा बडा धर्माधिकारी), त्याला पकडतो आणि रात्री कोठडीत जाऊन सुनावतो, की सैतान सांगत होता तेव्हा दगडांच्या भाकरी करायच्या होत्यास. लोकांना स्वातंत्र्य पेलत नाही. चमत्कार, गूढ आणि डोक्यावर कुणाची तरी सत्ता लागते. थोडक्यात, आधी पोटोबा मग विठोबा. ख्रिस्त अवाक्षर न काढता त्याच्या ओठांचं चुंबन घेतो. माझं मत: म्हातारा जिंकला.

रिकामटेकडी:
असहमत. उद्या जाळतो म्हणणारा माणूस शेवटी स्वतः दार उघडून ‘जा, परत येऊ नकोस’ म्हणतो. ही जीत?

आडवाट:
पुढचं वाक्य वाचा ताई. चुंबन काळजात जळत राहतं, पण म्हातारा आपल्या मतावर कायम!

निमशहरी:
दोघंही त्याच प्रकरणात अडकलात. दस्तयेव्हस्कीचं उत्तर पुढे आहे. मठातला पूज्य म्हातारा साधू झोसिमा वारतो, सगळा मठ चमत्काराची वाट बघत बसतो. खिडक्या उघडायच्या का, असं कुणीतरी विचारतं, तर त्याला कुणी उत्तरही देत नाही. एवढ्या साधूच्या देहाला वास कसा येईल? दुपारी तीनपर्यंत वास लपेनासा होतो. त्याचा शिष्य अल्योशा, करामाझोव भावांपैकी एक, इतका खचतो की उपासाच्या दिवसात राकितीन या ओळखीच्या तरुणानं विचारलेलं सॉसेजही चालेल म्हणतो. तरी त्याच रात्री तो जमिनीवर पडून मातीचे मुके घेतो. चमत्कार हातचा गेल्यावर उरलेली श्रद्धा. कार्डिनलच्या हिशोबात हा माणूस बसतच नाही.

रिकामटेकडी: +१

खडूस वाचक:
सगळं छान, पण आरोपी स्पेनमधला कॅथलिक का? १७२१ पासून रशियन चर्च सिनॉडमार्फत (चर्च चालवणाऱ्या सरकारी मंडळामार्फत) झारच्याच दावणीला होतं. १८८० मध्ये त्या सिनॉडचा कारभारी झालेला पोबेदोनोस्त्सेव्ह हा दस्तयेव्हस्कीचा दोस्त. शेजाऱ्याचं अंगण झाडणं सोपं असतं हो. टॉल्स्टॉयनं ‘पुनरुत्थान’ कादंबरीमध्ये (१८९९) घरच्याच चर्चवर बोट ठेवलं, तुरुंगातल्या प्रार्थनेची पार सालटी काढली, पोबेदोनोस्त्सेव्हवरून तोपोरोव्ह हे पात्र रंगवलं. १९०१ मध्ये सिनॉडनं टॉल्स्टॉयला चर्चबाहेरचा ठरवलं.

निमशहरी:
धाडस मान्य. पण त्या तोपोरोव्हला टॉल्स्टॉय स्वतःच्या बाजूनं एक धड वाक्य तरी बोलू देतो का? दस्तयेव्हस्की विरोधकाला अख्खं प्रकरण देतो, आणि स्वतःचा ख्रिस्त गप्प ठेवतो.

आडवाट:
मग मी दुसरं काय म्हणत होतो!