हायब्रिड गाडी प्रत्यक्षात किती देते? वापरणाऱ्यांनी लिहा

सुमेधा_कोथरूड :
आमच्याकडे गाडी बदलायचं घाटतंय. डिझेल नको यावर घरात एकमत आहे. इलेक्ट्रिकला सोसायटीत चार्जिंग पॉइंटवरून महाभारत चालू आहे. त्यामुळे गाडं हायब्रिडपाशी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीपाशी, येऊन थांबलंय. कागदावरचे आकडे (लिटरला किलोमीटर) पाठ झालेत: टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड (नुसत्या मोटरवरही चालू शकणारी) २७.९७, होंडा सिटी हायब्रिड २०२२ मध्ये आली तेव्हा २६.५, टोयोटा इनोव्हा हायक्रॉस २३.२४. पण ज्या चाचणीतून हे आकडे येतात ती रोलरवर होते, एसी बंद असतो, काटा ताशी ९० च्या पुढे जात नाही. आपल्याकडे खड्डे, सिग्नल, मागे सासू-सासरे आणि वर मे महिना.

नुसतं "मस्त देते" असं लिहू नका. रस्ता कोणता, माणसं किती, एसी कसा, आणि आकडा डॅशबोर्डवरचा की टाकी फुल करून मोजलेला, तेही सांगा.

फुलटाकी :
हायरायडर स्ट्राँग हायब्रिड, सिंहगड रोड ते हिंजवडी. एकटाच असतो, एसी २४ वर. एकाच पंपावर ऑटो-कटला (नळी आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरून मोजतो. २३ ते २४ पडतं. स्क्रीनवर साधारण दीड जास्त दिसतं, म्हणून स्क्रीनचे फोटो टाकणाऱ्यांचं मी फारसं मनावर घेत नाही.

गंमत अशी की नवले पुलापाशी जितकी जास्त रांगते तितकी ही गाडी खुश. रांगताना इंजिन बंद, मोटर ओढते. ब्रेकवर पाय ठेवला की तीच मोटर उलटी फिरून बॅटरी भरते. साध्या गाडीत ही सगळी ताकद ब्रेक तापवण्यात जाते.

आता वाईट बातमी. रविवारी मुलीला क्लासला सोडायचं, दोन किलोमीटर, परत यायचं, तासाने पुन्हा आणायला जायचं. या फेऱ्यांचा ट्रिप मीटर वेगळा लावला तर १४. इंजिन थंड असलं की बॅटरी भरलेली असूनही ते सुरू होतं, कारण कूलंट (इंजिनभोवती फिरणारं पाणी) आणि सायलेन्सरमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायचा असतो. तो तापेपर्यंत आपण घरी पोचलेलो असतो.

ऑरेंजसिटी :
पुणेकरांनो, तुमची गर्दी तुम्हाला लखलाभ. मी नागपूरहून समृद्धीने ये-जा करतो, गाडी याच सेगमेंटमधली स्ट्राँग हायब्रिड. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) १२० ला लावून चार माणसं, बाहेर ४४ डिग्री, एसी फुल: १६-१७. तोच रस्ता ९० ने: २१ च्या पुढे. माझी आधीची डिझेल सेडान १०० च्या वेगाने आरामात २० द्यायची.

सरळ रस्त्यावर सारख्या वेगाने जाताना ब्रेक लागतच नाही, मग बॅटरी भरणार कशाने? इंजिनच सगळं ओढतं, आणि वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यात मोटर आणि बॅटरीचं वजन आपण सोबत वागवतो ते वेगळंच. ज्यांचं रनिंग समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरच आहे त्यांनी डोकं लावून घ्या.

विजय_माहीम :
माझ्या गाडीच्या डिकीवरही "हायब्रिड" चिकटवलंय, आणि दादर-अंधेरी १२ च्या वर जात नाही. फसवणूक!

फुलटाकी :
विजयराव, तुमची माइल्ड हायब्रिड असणार. तिच्यात अल्टरनेटरच्या जागी एक छोटी मोटर असते. ती सिग्नलला बंद पडलेलं इंजिन झटकन सुरू करते आणि उचलताना जरा हात लावते, एवढंच. नुसत्या बॅटरीवर ती चाक फिरवू शकत नाही. बिल्ला काढून टाका, मनस्ताप कमी होईल.

घोडबंदरग्रस्त :
सिटी ई:एचईव्ही, म्हणजे सिटी हायब्रिडच, ठाणे ते बीकेसी. टाकी ते टाकी २१-२२, पावसाळ्यात थोडं जास्त, कारण एसीला कमी काम पडतं आणि रस्ता वेगच घेऊ देत नाही. हिची रचना वेगळी आहे. शहरात बहुतेक वेळ चाकं मोटरच फिरवते आणि इंजिन फक्त वीज बनवतं. हायवेच्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. त्यामुळे नाशिकला जाताना ८०-९० ने २३ सुद्धा पाहिलंय. कसारा घाट धरून.

बायकोने चालवली की दोनने जास्त देते, हे कबूल करायला जड जातं. ती सिग्नल लांबून बघून पाय काढते. मी जवळ जाऊन दाबतो. दाबून मारलेल्या ब्रेकमध्ये बरंचसं काम पॅडच करतात, बॅटरीच्या वाट्याला थोडंच येतं.

पन्हाळगड :
आम्ही कोल्हापूरकर, हायक्रॉस, सात माणसं आणि डिकीत जागा शोधावी लागेल इतकं सामान. आजरा-आंबोली करून गोवा, परत तसंच. जाऊन येऊन १६ मिळालं. आधीची डिझेल इनोव्हा याच रस्त्याला ११ द्यायची, म्हणून आम्ही लई खुश. वर आवाज नाही, आबांना झोप लागते.

घाटाबद्दल एक सांगतो. उतारावर बॅटरी फुकट भरत्येय म्हणून पोरं टाळ्या वाजवतात, पण अर्ध्या घाटात ती भरून जाते. मग मोटर हात वर करते आणि इंजिन नुसतंच गरगरत राहतं.

फुलटाकी :
बरोबर. हायरायडरची बॅटरी ०.७६ युनिटची, म्हणजे विजेच्या बिलातलं पाऊण युनिट. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना साधारण पाचशे मीटर खाली येतो. माणसांसकट दीड टनाच्या वर गाडी धरली तर दोन युनिटांहून जास्त ऊर्जा मोकळी होते. घर्षण आणि हवा काही खाते, तरी उरलेली त्या बॅटरीत मावत नाही. उतारावर गिअरच्या दांड्यावरचा ‘बी’ लावा, इंजिन ब्रेकिंग मिळतं आणि ब्रेक तापत नाहीत.

बर्फातली_मावशी :
अमेरिकेतल्या मिनेसोटाहून. टोयोटाची राव्ह४ हायब्रिड. इथे मैल आणि गॅलन, तुमच्यासाठी ०.४२५ ने गुणलंय. उन्हाळ्यात १७ किलोमीटर, सरकारी आकड्याच्या आसपास. जानेवारीत उणे २० ला १३. थंडीत बॅटरी चार्ज नीट घेत नाही, आणि त्याहून मोठं म्हणजे हीटर. हीटरला उष्णता इंजिनकडून हवी, त्यामुळे गाडी लाल सिग्नलला उभी असली तरी इंजिन चालू. तुमचा मे महिना मला चालेल बाई!

सातपूरचा_शिरीष :
ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून माझं अ‍ॅव्हरेज एकने घटलंय. कुणाचं आणखी?

हिशेबनीस :
इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि आपण आधीच १० टक्के मिश्रण जाळत होतो तेव्हा फरक त्याच्या निम्मा. २३ च्या गाडीला एखादा किलोमीटर पटण्यासारखा आहे. तीन-चारने घटलं असेल तर आधी टायरमधली हवा बघा.

आता मुद्द्याचं, कारण इथे सगळे अ‍ॅव्हरेज सांगतायत, पैसे कुणीच सांगत नाही. शहरात साधी ऑटोमॅटिक पेट्रोल १२ देते, हायब्रिड २१ धरा. वर्षाला १०,००० किलोमीटर चालली तर ८३३ लिटर विरुद्ध ४७६. वाचले ३५७ लिटर, लिटरला १०४ रुपये धरले तर ३७ हजार. गाडीच्या किमतीत अडीच लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला जवळजवळ सात वर्षं. वर्षाला २०,००० चालवत असाल तर साडेतीनच्या आतच. निव्वळ पैसेच वाचवायचे असतील तर सीएनजी घ्या, पंपावरची रांग आणि डिकीतली टाकी सोसा.

घोडबंदरग्रस्त :
हिशेबनीस, तुमच्या हिशेबात ट्रॅफिकमध्ये शांत बसण्याची किंमत कुठे आहे? गिअर नाही, इंजिनची थरथर नाही. मी त्यासाठी घेतली, पेट्रोल वाचतं हा बोनस.

हिशेबनीस :
मग तसं सांगून घ्या, अ‍ॅव्हरेजचं नाव कशाला!

सुमेधा_कोथरूड :
सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. आमचं रनिंग असं: ह्यांचं ऑफिस घरापासून चार किलोमीटर, माझं वाघोलीला, आणि महिन्यातून एकदा कुंभार्ली घाटमार्गे चिपळूण. शहरातली गाडी बहुधा मीच नेणार. घ्यावी का?

फुलटाकी :
सुमेधाताई, वाघोली म्हणजे नगर रोड, तिथे हायब्रिड वसूल होईल. चिपळूणलाही, घाटात वेग ५०-६० चाच असतो. चार किलोमीटरला ह्यांना स्कूटर द्या.

टेस्ट ड्राइव्हला रात्रभर उभी असलेली थंड गाडी मागा. ट्रिप मीटर स्वतःच्या हाताने शून्यावर आणा आणि शोरूमच्या मोकळ्या रस्त्याऐवजी खराडी बायपासला संध्याकाळी सहाला न्या. डिकीही उघडून बघा. काही मॉडेलांत बॅटरीने जागा खाल्लेली असते, चिपळूणहून आंब्याच्या पेट्या आणता तर आधी पेटी घेऊनच जा.