वाट विचारायला घरात कोणी नव्हते: परदेशी शिक्षण आणि तंत्रज्ञानातील नोकरी

ज्यांच्या घरात आधी कोणी महाविद्यालयात गेले नव्हते, अशा अनेकांनी परदेशात शिकून संगणक क्षेत्रात जम बसवला आहे. त्यांना विनंती आहे की, जी माहिती इतर मुलांना घरी बसल्या मिळते, ती आपल्याला कोणाकडून आणि किती उशिरा मिळाली, ते येथे सविस्तर लिहावे. बुद्धी आणि कष्ट यांत ही मुले कमी पडत नाहीत. कोणती गोष्ट कधी करायची आणि कोणाला विचारायची, हे सांगणारे माणूस त्यांना नसते. सुरुवात मी करते.

मी अमेरिकेत संगणकशास्त्रात एमएस केले. प्रवेश मिळाल्याचा घरात फार आनंद झाला, पण विद्यापीठाने पाठवलेला आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा दाखला) कसा वाचायचा, हे मला एका अनोळखी ज्येष्ठ विद्यार्थिनीने फोनवर समजावून सांगितले. त्यावरील आकड्यात शुल्काबरोबर राहण्याचा खर्चही धरलेला असतो आणि पहिल्या वर्षापुरती तेवढी तरतूद असल्याचा पुरावा द्यावा लागतो, हे तिने सांगितल्यावर त्या आकड्याची भीती निम्म्याने कमी झाली. तेथे पोहोचल्यावर कळले की, पुढच्या उन्हाळ्यातील इंटर्नशिपसाठी मोठ्या कंपन्यांची भरती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच सुरू होते, म्हणजे नव्या विद्यार्थ्याची तेथली एकही परीक्षा झालेली नसताना. ज्यांची भावंडे आधी तेथे शिकली होती, ती मुले एका पानाचा, छायाचित्र आणि जन्मतारीख नसलेला रेझ्युमे घेऊनच आली होती.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र प्राध्यापकांच्या ‘ऑफिस अवर्स’ची. विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या या वेळेत शंका नसली तरी जाता येते. एका प्राध्यापकांचा शोधनिबंध नीट वाचून मी त्यांच्याकडे जाऊ लागले आणि पुढच्या सत्रात त्यांच्याकडेच संशोधन सहायक झाले. अशा पदाबरोबर अनेक विद्यापीठांत शुल्कातही सवलत मिळते. शिक्षकांचा वेळ मागणे म्हणजे त्यांना त्रास देणे, अशी शिकवण असलेल्या घरांतील मुलांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे.

* * *

मी जर्मनी निवडली, कारण तारण ठेवण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शुल्क नसले तरी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराचा निर्वाहखर्च आधीच जमा करावा लागतो. २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे आणि त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून आधीच्या शिक्षणाची कागदपत्रे खरी असल्याचे एपीएस प्रमाणपत्रही लागते, त्यामुळे तयारी बरीच आधी सुरू करावी.

अभ्यासक्रम इंग्रजीत होता, तरी पहिल्याच सत्रात मी जर्मन भाषेच्या वर्गाला नाव घातले आणि पुढचे सारे त्यामुळेच सोपे झाले. शिकत असताना एका छोट्या कंपनीत मी वेर्कश्टुडंट (कामकरी विद्यार्थी) म्हणून आठवड्याला २० तासांपर्यंत काम करत असे. कोड इंग्रजीत लिहिला जाई, पण कोणते काम कोणी घ्यायचे हे जर्मनमध्ये ठरे, आणि जो त्या बोलण्यात असे त्यालाच चांगले काम मिळे. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा निवास परवाना मिळतो; मला त्याची गरज पडली नाही, कारण त्याच कंपनीने मला कायम केले.

* * *

कर्जाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही होती. शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही, एवढेच त्यांना सांगण्यात आले होते. त्या काळातही व्याज चढत राहते आणि पुढे ते मुद्दलात मिसळू शकते, हे मी करारपत्र ओळीओळीने वाचून त्यांना समजावले. मग विद्यापीठाच्या आवारातील कामाच्या पैशांतून निदान व्याज तरी भरत राहिलो. सत्र चालू असताना अमेरिकेत असे काम आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येते, त्यामुळे फार काही उरत नसे, पण मूळ रक्कम फुगली नाही.

या कर्जाचा परिणाम नोकरीच्या निवडीवरही होतो. एका नवउद्योगातील काम मला मनापासून आवडले होते, तरी मी मोठ्या कंपनीतील स्थिर पगार घेतला. मुलाखतीत आवड विचारतात, पण माझा निर्णय हप्त्याने ठरवला होता. यात कमीपणा मानू नये, असे मला ठामपणे वाटते. कर्ज फिटल्यानंतर मी मला हवे असलेले वितरित प्रणालींचे (अनेक संगणक मिळून चालवतात त्या प्रणालींचे) काम मागून घेतले आणि ते मिळालेही.

* * *

अमेरिकेबद्दल एक पुरवणी. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे शिकलेल्या विषयात तात्पुरते काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते, पण त्यासाठी कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का, हे तपासणाऱ्या ई-व्हेरिफाय या सरकारी यंत्रणेत कंपनी नोंदलेली असावी लागते. पहिल्या १२ महिन्यांत नोकरीविना एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, म्हणून सुरुवातीची तारीख विचार करून निवडावी. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाल्यावर नोकरी गेली, तर तेथे जास्तीत जास्त ६० दिवस राहून दुसरी शोधण्याची सवलत असते. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा आई-वडिलांना काय सांगावे, हेच सर्वांत जड गेले. मी त्यांना खरे तेच सांगितले. “घर आहे, परत ये,” एवढेच आई म्हणाली. त्या आधारावर मी शांतपणे मुलाखती देऊ शकले आणि मुदतीत दुसरी नोकरी मिळाली.

* * *

मी आता नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. पहिल्या पिढीतील मुले प्रश्न अचूक सोडवतात, पण गप्प राहून सोडवतात. विचार मोठ्याने मांडण्याचा सराव मित्राबरोबर आधीच करावा, कारण परीक्षक उत्तराइतकाच त्या वाटेला गुण देतो. अनुभव नसेल, तर मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा, प्रकल्पांत काम करावे. २००५ पासून चालू असलेल्या गुगल समर ऑफ कोडसारख्या उपक्रमात ओळखीची गरज नसते आणि मानधनही मिळते. रेफरल, म्हणजे कंपनीत आधीपासून असलेल्या माणसाची शिफारस, मागताना केवळ “नोकरी असेल तर कळवा” असे लिहू नये. नेमके पद, त्याचा दुवा, रेझ्युमे आणि आपण त्या पदाला का योग्य आहोत हे सांगणारी चार वाक्ये पाठवावीत. अशा पत्राला मी त्याच दिवशी उत्तर देतो.